‘बोको हराम’ : नावाचा अर्थ आणि मराठी प्रतिशब्द

प्रश्न : नायजेरियातील ‘बोको हराम’ या संघटनेच्या नावाचा अर्थ कोठे ‘पुस्तके निषिद्ध’, तर कोठे ‘पाश्चात्त्य शिक्षण हे पाप’ असा दिलेला आढळतो. ‘बोको’ हे इंग्रजी ‘बुक’चे रूप आहे काय, आणि यांपैकी कोणता अर्थ ग्राह्य धरावा?

उत्तर : ‘बुक’वरून ‘बोको’ ही व्युत्पत्ती सोयीची वाटते, म्हणूनच ती टिकली असावी, परंतु उत्तर नायजेरियातील हौसा भाषेचे अभ्यासक पॉल न्यूमन यांनी ती सप्रमाण नाकारली आहे. त्यांच्या मते ‘बोको’ हा अस्सल हौसा शब्द असून त्याचा जुना अर्थ बनावट, फसवे असा आहे. १९०३ मध्ये ब्रिटिशांनी सोकोटोची खिलाफत, म्हणजे तेथील मुस्लिम राज्य, जिंकल्यानंतर सरकारी शाळा निघाल्या आणि अरबी वळणाच्या ‘अजमी’ लिपीऐवजी रोमन लिपीत हौसा शिकवली जाऊ लागली, तेव्हा मुलांना कुराणाच्या पाठशाळेत घालणाऱ्या लोकांनी या नव्या शिक्षणाला ‘इलिमिन बोको’, म्हणजे खोटी विद्या, असे नाव ठेवले. पुढे त्यातील उपहास ओसरला. आज रोमन लिपीतील हौसालाही ‘बोको’च म्हणतात.

‘हराम’ आपल्या ओळखीचा असल्यामुळेच अधिक फसवतो. ‘हरामखोर’, ‘हरामाचा पैसा’ यांमुळे मराठी कानाला त्यात आधी शिवी ऐकू येते. येथे मात्र तो ‘हलाल’च्या विरुद्ध असलेला धर्मशास्त्रीय शब्द आहे. म्हणून ‘पाप’पेक्षा ‘निषिद्ध’ अचूक, आणि ‘पाश्चात्त्य शिक्षण निषिद्ध’ हा अर्थ ग्राह्य.

पुरवणी : हे नाव संघटनेने स्वतः घेतलेले नाही, ईशान्य नायजेरियातील मैदुगुरी शहरातील लोकांनी ते संघटनेचा संस्थापक मोहम्मद युसूफ याच्या प्रवचनांवरून पाडले. २००२ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या या गटाच्या अरबी नावाचा अर्थ ‘सुन्नतचे अनुयायी, धर्मप्रसार आणि जिहाद यांसाठीचा समूह’ असा होतो (येथे सुन्नत म्हणजे पैगंबरांची आचारपरंपरा). केवळ ‘शिक्षणविरोधी’ म्हटल्याने त्याचे उद्दिष्ट अर्धेच कळते. युसूफला राज्यघटना, लोकशाही आणि सरकारी नोकरी हे सारेच त्याज्य होते. उत्तरेकडील १२ राज्यांनी १९९९ नंतर शरियतचा फौजदारी कायदा लागू केला, तोही निधर्मी राज्यघटनेच्या चौकटीत असल्यामुळे त्याला पुरेसा वाटला नाही. जुलै २००९ च्या उठावानंतर तो पोलिसांच्या ताब्यात मारला गेला आणि त्याचा साथीदार अबूबकर शेकाऊ याच्या हाती सूत्रे गेल्यावर शाळा हेच उघड लक्ष्य झाले. एप्रिल २०१४ मध्ये चिबोक येथून २७६ विद्यार्थिनींना पळवून नेण्यात आले.

लेखनात आणखी एक पथ्य पाळावे. २०१६ मध्ये या गटात फूट पडली. इस्लामिक स्टेटने मान्यता दिलेली, अबू मुसाब अल-बर्नावी याच्याकडे सोपवलेली शाखा स्वतःला ‘पश्चिम आफ्रिका प्रांत’ म्हणवते. तिलाही सरसकट ‘बोको हराम’ म्हटल्यास, २०२१ मध्ये तिच्याशीच झालेल्या लढाईत शेकाऊ कसा मेला, हे वाचकाला उलगडणार नाही.