बी विंग ग्रुप : स्कॉलरशिपवाला फोन

बी-३०२ काकू : मुलांचे मोबाइल तपासा हो सगळ्यांनी. आमच्या बारावीवाल्याने महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी स्कॉलरशिपच्या साइटचा, फॉर्म समजून घ्यायला माझं आधार, ह्यांचा उत्पन्नाचा दाखला, पासबुकचं पहिलं पान, सगळ्याचे फोटो कुठल्याशा एआय अ‍ॅपला दिले. आज दुपारी फोन. "स्कॉलरशिप मंजूर, ओटीपी सांगा." ह्यांचं नाव, दाखल्यावरचा आकडा, सगळं घडाघडा. कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला, नाहीतर सांगूनच बसले असते.

बी-१०१ काका : एआय-बिआय बंद करा आधी. आम्ही शिकलोच ना त्याशिवाय?

बी-५०४ : काका, गणपतीच्या वर्गणीचं पत्र परवा चॅटजीपीटीने लिहिलं होतं 😄

बी-१०१ काका : ते वेगळं.

बी-२०३ ताई : काकू, अ‍ॅप प्ले स्टोअरवरून घेतलं का?

बी-३०२ काकू : नाही गं. मित्रांच्या ग्रुपवर एपीके, म्हणजे अ‍ॅपची थेट फाइल, आली होती. "प्रो व्हर्जन फुकट."

बी-२०३ ताई : मग नेट बंद करून आधी ते काढा. एसएमएसची परवानगी दिली असेल तर असलं अ‍ॅप ओटीपी स्वतःच वाचतं, तुम्ही सांगायची गरजच नाही. दुसऱ्या फोनवरून बँकेचा पासवर्ड बदला, बँकेला कळवा. आधारचं बायोमेट्रिक लॉक करा. पैसे गेल्याचं दिसलं तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. पण अ‍ॅपनेच फोडलं असं छातीठोक नाही म्हणता येत. कागद प्रिंट कुठे केलेत?

बी-३०२ काकू : स्टेशनजवळ झेरॉक्सवाल्याकडे. व्हॉट्सअ‍ॅप केले होते त्याला.

बी-२०३ ताई : घ्या.

बी-४०१ : मग मुलांनी वापरायचं की नाही? माझी लेक फिजिक्सची गणितं त्यातच सोडवते. खरं सांगू, माझ्यापेक्षा बरं समजावतं.

बी-२०३ ताई : वापरू दे की दादा. गणित विचारायला आधार लागत नाही. फॉर्मसाठीही "उत्पन्न इतकं, कुठली योजना बसेल" एवढं विचारलं तरी पुरे, नाव-गाव कशाला? आणि उत्तर महाडीबीटीच्या साइटवर पडताळायचं, कारण ते निकष बिनदिक्कत चुकीचे ठोकून देतं. चॅटजीपीटीच्या सेटिंग्जमध्ये डेटा कंट्रोल्स आहे, तिथे आपल्या गप्पा मॉडेल सुधारायला न देण्याची सोय आहे. म्हणून दाखले टाकायला मोकळे, असं मात्र नाही. २०२५ मध्ये लोकांनी शेअर केलेल्या काही गप्पा गूगल सर्चमध्ये दिसायला लागल्या होत्या, मग कंपनीने गप्पा सर्चमध्ये दिसू देण्याचा पर्याय काढला.

बी-१०१ काका : पण आधार मागतातच जिथेतिथे.

बी-२०३ ताई : मास्क्ड द्यायचं. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवर मिळतं. पहिले ८ आकडे झाकलेले, शेवटचे ४ दिसतात.

बी-५०४ : सचिवसाहेब, गेल्या महिन्यात पोलीस व्हेरिफिकेशनसाठी सगळ्या मावशींची आधार कार्डं ह्याच ग्रुपवर टाकलीत ना? वर जाऊन बघा. अख्खे १२ आकडे.

सचिव : अरे देवा.

सचिव : डिलीट फॉर एव्हरीवन येतच नाहीये.

बी-२०३ ताई : दोन-अडीच दिवसांनी तो पर्याय जातो, सचिवकाका. आता ज्याने त्याने आपल्या फोनमधून काढायचं. गॅलरीतूनही.

बी-४०१ : माझ्या गूगल फोटोजमध्ये जाऊन बसलंय. काढतो.

बी-१०१ काका : वॉचमनच्या केबिनमध्ये प्रिंट चिकटवलीय ना?

सचिव : हो. खालीच चाललोय.

बी-३०२ काकू : आणि मावशींना कोण सांगणार?

सचिव : मीच. सकाळी सातला गेटवर थांबतो.