अ‍ॅसिडिटीचं दुर्बिणीचं ऑपरेशन: गोळी कायमची सुटते का?

निपाणीकर
काकांसाठी विचारतोय. वय ४८, चिकोडीजवळ गुऱ्हाळ आहे. पॅन्टोप्राझोल ४० (आम्ल कमी करणारी गोळी) चालू असली की ठीक, बंद केली की छातीत जळजळ आणि रात्री आंबट पाणी घशाशी. एंडोस्कोपीत अन्ननलिकेला ग्रेड बी सूज, ३ सेंमीचा हायटस हर्निया (छाती-पोटामधल्या पडद्याच्या भोकातून जठर वर सरकणं). बेळगावात लॅप्रोस्कोपी सुचवली आहे. गोळी सुटते का? त्रास परत होतो का?

सर्जन_बेळगाव
गोळीने उतार पडतो ही चांगली खूण. गोळीला अजिबात दाद न देणाऱ्यांची जळजळ पुष्कळदा आम्लाची नसतेच, आणि ऑपरेशन करून पस्तावतात ते बहुतेक हेच लोक. ग्रेड बी आहे, तेव्हा २४ तासांच्या पीएच तपासणीसाठी (अन्ननलिकेत आम्ल किती येतं ते मोजणं) अडून बसायला नको. मॅनोमेट्री (अन्ननलिकेच्या दाबाची तपासणी) मात्र सोडू नका. अ‍ॅचलेशिया (अन्ननलिकेचं खालचं तोंड न उघडणं) नजरेतून सुटला आणि वर ऑपरेशनात जठराची गुंडाळी घातली, तर घास खाली उतरणार नाही.

स्वीडनमध्ये २,६५५ रुग्णांचा पाठपुरावा झाला (२०१७ साली छापून आला). १७.७ टक्क्यांना रिफ्लक्स (आम्ल वर येणं) परत झाला. त्यातले बहुतेक पुन्हा कायमच्या गोळीवर गेले, दुसऱ्यांदा ऑपरेशन थोड्यांचंच झालं. म्हणजे बहुतेकांची गोळी सुटते, पण हमी कुणी देत असेल तर सावध राहा.

टाका_आणि_गाठ
गुंडाळी कोणती घालणार ते विचारून घ्या. निसेनमध्ये जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती पूर्ण ३६० अंश फिरवतात, टुपेमध्ये मागून २७०. आम्ल दोन्हीत जवळपास सारखंच अडतं, पण टुपेत घास अडकणं आणि पोट फुगणं कमी. माझं मत टुपेकडे.

बाकी सगळं सर्जनच्या हातावर आहे. अन्ननलिका ताण न देता २-३ सेंमी पोटात उतरली पाहिजे, पडद्याचं भोक टाके घालून लहान केलं पाहिजे, गुंडाळी आखूड आणि सैल हवी. घट्ट झाली की अन्न अडकतं. पडद्याचे टाके सुटले की गुंडाळी छातीत सरकते आणि जळजळ परत.

आहार_वॉर्ड
पहिले दोन आठवडे पेज, आंबील, गाळलेलं सार. मग मऊ भात, कुस्करलेली भाजी. जोंधळ्याची भाकरी, पाव, मटणाचे तुकडे सहा आठवडे नकोत: गुंडाळीच्या जागी सूज असते, कोरडा गोळा तिथेच बसतो. सोडा, कोल्ड्रिंक बंद, कारण ढेकर नीट येत नाही आणि वारा पोटात कोंडतो. खालून वारा जास्त सरतो, हेही आधीच सांगून ठेवा, नाहीतर घरचे घाबरतात.

मळमळ अंगावर काढू नका. जोराच्या उमाळ्याने टाके तुटतात, लगेच औषध मागा. गुळाचे रवे, उसाच्या मोळ्या सहा आठवडे उचलायच्या नाहीत. गुऱ्हाळवाल्याला हेच जड जातं.

निपाणीकर
धन्यवाद सर. नंतर पुन्हा जळजळ झाली तर गोळी सुरू करायची का?

सर्जन_बेळगाव
आपल्या मनाने नको. ऑपरेशननंतर गोळी परत घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा पीएच नॉर्मल निघतो. आधी एंडोस्कोपी, मग गोळी सात दिवस बंद ठेवून पीएच. घास अडकणं तीन महिन्यांनंतरही राहिलं तर दुर्बिणीतून फुग्याने वाट रुंद करता येते. पाणीसुद्धा उतरेना, किंवा उलटीच्या उमाळ्यानंतर छातीत अचानक जोराची कळ आली, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.