मदत हवी आहे: डबल मार्करनंतर एनआयपीटी करावी का?

माझे वय ३६ असून १३ वा आठवडा सुरू आहे. एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागचा द्रव मोजणारी सोनोग्राफी) व्यवस्थित आला, मात्र डबल मार्कर या रक्तचाचणीच्या अहवालात डाउन सिंड्रोम या गुणसूत्रदोषापुढे १:४१० (म्हणजे ४१० पैकी एक शक्यता) असा आकडा आणि शेजारी पेनने काढलेले प्रश्नचिन्ह आहे. आईच्या रक्तात उतरलेल्या वारेच्या डीएनएवरून होणारी एनआयपीटी ही केवळ चाळणी आहे, निदान नव्हे. त्यामुळे तिच्यात धोका जास्त दिसल्यास १६ व्या आठवड्याच्या सुमारास गर्भजल तपासावेच लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. (लिंग सांगणे कायद्याने बंद आहे, आणि आम्हाला ते नकोच आहे.) खासगी प्रयोगशाळेचा खर्च आमच्या घराच्या हप्त्याएवढा आहे. धोका ना कमी ना जास्त अशा मधल्याच आकड्यावर कोणी एनआयपीटी केली का, आणि डीएनए कमी भरल्याने पुन्हा रक्त द्यावे लागले का, हे कृपया कळवावे.