मदत हवी आहे: मायक्रोपोलिसमध्ये घरांना मागणी आहे, पण वस्ती वाढत नाही (प्रदूषण?)

माळावरची:

नमस्कार मंडळी,

मायक्रोपोलिस हा शहर वसवायचा खेळ इथे कोणी खेळलंय का? विल राइटचा १९८९ चा मूळ सिमसिटी, त्याचा कोड २००८ मध्ये जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याखाली खुला झाला, तोच हा. जुन्या वळणाची चित्रं, १२० बाय १०० चौकोनांचा नकाशा, फुकट, ब्राउझरमध्येही चालतो. भाच्याने सुट्टीत लावून दिला. सुट्टी संपली, तो घरी गेला आणि शहर माझ्या गळ्यात पडलं. आता फोनवर आधी लोकसंख्या विचारतो, मावशी कशी आहे ते नंतर.

परिस्थिती अशी. नकाशाच्या मधून नदी. पलीकडे वरच्या कोपऱ्यात सगळे कारखाने आणि कोळशाचं वीजकेंद्र. अलीकडे घरं, मध्ये दुकानं-कचेऱ्या. दोन पूल. कर ७ टक्के, म्हणजे खेळ सुरू होताना असतो तोच. तिजोरी बरी आहे. पण लोकसंख्या तीस हजारांच्या घरात येऊन ठप्प झाली आहे. ५०,००० च्या वर गेलं की शहराला ‘कॅपिटल’ म्हणतात, तिथवर न्यायचं असं फर्मान आहे.

गंमत म्हणजे मागणी दाखवणारा हिरवा पट्टा वरच्या टोकाला टेकलेला आहे. लोकांना घरं हवीत. मी नवीन निवासी झोन (घरांसाठी राखून ठेवलेली जागा) टाकते, त्यात चार बैठी घरं उगवतात आणि तिथेच थांबतात. जुन्या भागातल्या इमारती तर उलट लहान होत चालल्यात. नागरिकांच्या तक्रारींत प्रदूषण पहिल्या क्रमांकावर. चौकशीचं भिंग घरांवर धरलं की प्रदूषण ‘व्हेरी हेवी’ आणि जमिनीची किंमत ‘स्लम’.

बागा भरपूर लावून झाल्या, उपयोग नाही. पोलीस ठाणीही वाढवली.

मुख्य प्रश्न: वाऱ्याची दिशा कुठे दिसते? मी चंद्रपूरची आहे, वारा केंद्राकडून घरांकडे वाहतो की घरांकडून केंद्राकडे, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. खेळात ते कळायला काही खूण सापडत नाही. आणि कारखाने आणखी किती लांब नेले म्हणजे पुरे?

उंबरठा:

कारखान्यांभोवती झाडांची दाट रांग लावा. धूर अडेल.

तिरपागडा:

@उंबरठा, या खेळात झाडं धूर अडवत नाहीत हो.

ताई, कारखान्यांवर खापर फोडण्याआधी एक सांगा. घरांच्या भागात रस्ते कसे टाकलेत? आणि त्यांवर गाड्यांची रांग दिसते का?

माळावरची:

रस्ते अगदी आखीव. प्रत्येक निवासी झोनच्या चारही बाजूंना रस्ता, कोणाची गैरसोय नको म्हणून. गाड्या म्हणाल तर मुंग्यांसारख्या. वाहतूक कोंडीवर फिरणारं ते हेलिकॉप्टर सतत माझ्याच पेठांवर घिरट्या घालत असतं.

रातकिडा:

सापडलं दुखणं. थोडं लांबण लावतो.

कोड खुला असल्यामुळे प्रदूषणाचा हिशेब सरळ वाचता येतो, अंदाज बांधायला नकोत. पहिली गोष्ट, वारा या खेळात नाहीच. धूर चारही बाजूंना सारखा पसरतो. तोही फार लांब जात नाही. खेळ नकाशाचे दोन बाय दोन चौकोनांचे गट पाडतो, गटातल्या चौकोनांचं प्रदूषण बेरजेत धरतो (२५५ च्या वर जाऊ देत नाही) आणि ती बेरीज शेजारच्या गटांत दोन वेळा वाटतो. दोन गट म्हणजे चार चौकोन. त्याच्या पलीकडे त्या कारखान्याचा धूर शून्य. तुमची नदी पाचेक चौकोन रुंद असली तरी पलीकडच्या धुरांड्यांनी तुमच्या घरांचं काहीही वाकडं केलेलं नाही.

आता कोण किती घाण करतं ते बघा. कोळशाचं केंद्र, बंदर आणि विमानतळ यांच्या प्रत्येक चौकोनाचे १००. उभ्या कारखान्याच्या चौकोनाचे ५०, रिकाम्या औद्योगिक झोनचं काहीच नाही. आणि रस्ता? वाहतूक तुरळक असेल तरी चौकोनामागे ५०, गच्च असेल तर ७५. म्हणजे गाड्यांनी भरलेला रस्ता कारखान्यापेक्षा दीडपट घाण करतो. कारखाने तुम्ही नदीपार नेलेत, पण त्यांच्यापेक्षा वाईट गोष्ट प्रत्येक घराच्या चारही अंगांना आणून ठेवली आहे.

निवासी झोनच्या जागी प्रदूषण १२८ च्या वर गेलं की खेळ तिथे वस्ती वाढवतच नाही. मागणीचा पट्टा आभाळाला टेकू दे, नवा माणूस येणार नाही. एका बाजूला गच्च रस्ता असेल तर झोन तग धरतो. दोन्ही बाजूंना असेल तर आकडा मर्यादेच्या आसपास घुटमळतो, चौक जवळ असला की ओलांडतो. तुमच्याकडे तर चौकच चौक.

त्यातही एक मेख आहे. झोन चांगला की वाईट हे ठरवताना खेळ जमिनीच्या किमतीतून प्रदूषण वजा करतो. पण जमिनीची किंमत काढतानाही प्रदूषण आधीच वजा झालेलं असतं. एकाच धुराचा दंड दोनदा. कारखान्यांना यातलं काही लागू नाही, त्यांना फक्त रस्ता किंवा रूळ हवा. म्हणून तुमच्याकडे कारखाने मजेत आहेत आणि घरं झिजतायत.

बागांबद्दल: झाडं आणि पाणी जमिनीची किंमत वाढवतात, धूर कमी करत नाहीत. बागा काढू नका, पण १२८ च्या वर गेलेल्या झोनला त्या वाचवू शकत नाहीत. पोलीस ठाण्यांचंही तसंच. गुन्हेगारी मोजताना खेळ आधी जमिनीची किंमत बघतो. किंमत पडली की गुन्हे वाढतात, गुन्हे फार वाढले की किंमत आणखी पडते. ठाणं बांधून गुन्हे कमी होतील, धूर तिथेच राहील.

माळावरची:

अरे देवा. मग काय, रस्ते उखडू?

तिरपागडा:

रस्ते उखडा आणि रूळ टाका. रुळांवर वाहतूक कितीही असो, प्रदूषण शून्य आणि कोंडीही नाही. झोनला रस्ता असो की रूळ, सारखंच चालतं. फक्त रुळांचा चौकोन २० ला पडतो, रस्ता १० ला, आणि देखभाल दुप्पट धरतात. मुरलेले खेळाडू तर सबंध शहर रुळांवर वसवतात, एकही रस्ता नाही. दिसायला विचित्र दिसतं, पण वाढतं झपाट्याने.

रस्त्यावर थेट रूळ ओढू नका, नुसतं फाटक तयार होईल. आधी बुलडोझर.

रातकिडा:

सहमत, पण सगळं एकदम उखडू नका. प्रत्येक झोनमधून माणसं निघतात आणि ३० चौकोनांच्या आत कुठेतरी पोचायचा प्रयत्न करतात. घरांतली माणसं दुकान किंवा कारखाना शोधतात, कारखान्यातून निघालेली फेरी घर शोधते. पोचली नाही तर तो झोन खंगतो. चौकात कुठे वळायचं हे खेळ चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवतो, त्यामुळे जास्त चौक म्हणजे जास्त भरकटणं. तुमची जाळी त्या अर्थानेही महागात पडते आहे.

मी असं सुचवेन: घरांच्या दोन रांगा पाठीला पाठ लावून ठेवा, प्रत्येक रांगेला एकाच बाजूने रूळ. मधले आडवे रस्ते काढून तिथे बागा. आता बागांचा खरा उपयोग होईल. रस्ते पुलांपाशी आणि दुकानांच्या भागात राहू देत, तूर्त.

कारखाने आणखी लांब नेऊ नका. ३० चौकोनांची दोरी तिथेही आहे, पूल धरून मोजा. काही लोक ते नकाशाच्या अगदी कडेला ठेवतात, म्हणजे बाहेर पडणारा धूर हिशेबातच येत नाही. शेजारच्या तालुक्याचं काय होत असेल ते विचारायचं नाही.

घरं आणि कारखाने यांच्यात पाच चौकोनांची फट ठेवली तर तिथे व्यापारी झोन घाला. त्यांच्यासाठी १२८ ची अट नाही. जमिनीची किंमत कमी असल्यामुळे इमारती उंच होणार नाहीत, इतकंच. दुकानं शहराच्या मध्याजवळ जोरात चालतात, हेही ध्यानात असू द्या.

उंबरठा:

आपत्ती चालू ठेवल्या असतील तर आणखी एक गोष्ट. तो गॉडझिलासारखा राक्षस कुठेही फिरत नाही, नकाशावर सगळ्यात जास्त प्रदूषण जिथे असेल तिथेच चालत जातो. खेळातच दिलेल्या ‘टोकियो १९५७’ या तयार प्रसंगात हे छान दिसतं.

(झाडांचं माहीत नव्हतं, आभार.)

माळावरची:

अपडेट देते.

आधी एकाच पेठेत करून बघितलं, बाकी शहर तसंच ठेवलं, म्हणजे फरक कळेल. आडवे रस्ते काढले, एका अंगाला रूळ, मधोमध बागा. खेळातली दोन-तीन वर्षं जाऊ दिली. त्या पेठेत प्रदूषण ‘मॉडरेट’वर आलं, बैठ्या घरांच्या जागी मोठ्या इमारती उभ्या राहिल्या. नदीपलीकडे एकही वीट हलवली नव्हती. मग हळूहळू उरलेल्या पेठा केल्या. खर्च बराच झाला, एक वर्ष रुळांच्या देखभालीला पूर्ण पैसे देता आले नाहीत आणि काही ठिकाणी रूळ तुटले. ते पुन्हा टाकले.

लोकसंख्या ४३,००० च्या पुढे गेली आहे. तक्रारींत प्रदूषण तिसऱ्या नंबरवर. पहिली तक्रार आता काय असावी? घरं महाग झाली! काल स्लम म्हणत होते, आज परवडत नाही म्हणतात. पुणे झालं की हो आमचं.

यावर काही उपाय? आणि कोळशाचं केंद्र काढून अणुकेंद्र आणावं का? वीज अधूनमधून अपुरी पडते.

रातकिडा:

घरं महाग ही तक्रार सोडून द्या. खेळ ती जमिनीच्या सरासरी किमतीला ०.७ ने गुणून काढतो. शहर चांगलं झालं की ती वर येणारच. उपाय करायचा म्हणजे शहर बिघडवायचं.

विजेचं गणित असं: कोळशाचं केंद्र ३,००० ला आणि ७०० चौकोनांना पुरतं, अणुकेंद्र ५,००० ला आणि २,००० चौकोनांना. तारांचे चौकोनही यात मोजले जातात, तेव्हा लांबच लांब तारा ओढण्यापेक्षा झोन एकमेकांना चिकटवा, वीज त्यांच्यातूनच पुढे जाते. अणुकेंद्राचं रोजचं प्रदूषण शून्य. पण आपत्ती चालू असतील तर ते कधी ना कधी फुटू शकतं, आणि किरणोत्सर्गी झालेला चौकोन २५५ चं प्रदूषण धरून फार काळ पडून राहतो. आपत्ती बंद केल्या तर फुटत नाही.

माळावरची:

आपत्ती बंद करायला मालकांची परवानगी नाही. विचारून झालं. ‘मग मजा काय’ म्हणाला.

तिरपागडा:

मग सध्या कोळशाचं दुसरं केंद्र पहिल्याला चिकटून बांधा. जिथे आधीच घाण आहे तिथे आणखी घातली तरी बेरीज २५५ लाच अडते, नवीन जागा फारशी खराब होत नाही. ५०,००० सहज गाठाल.

अणुकेंद्र बांधायचंच झालं तर नकाशाच्या रिकाम्या कोपऱ्यात बांधा, आणि नवीन केंद्राची वीज शहरभर पोचलेली दिसल्याशिवाय जुनं पाडू नका. बांधण्याआधी खेळ सेव्ह करा. भाच्याला सांगायची गरज नाही.