मदत हवी आहे: प्लग लावल्यापासून संगणक ४८ अंकी रिकव्हरी की मागतोय

खाडीकाठ (देवबाग, मालवण):
होमस्टेच्या बुकिंगचा डेस्कटॉप आहे. विंडोज ११, इंटेल प्रोसेसर, बोर्ड सहा वर्षांचा. पावसाळाभर प्लग काढलेला होता. काल लावला तर आधी 'सीमॉस चेकसम एरर', एफ१ दाबल्यावर निळा पडदा आणि बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) की. तारीख २०१९ ची. बिटलॉकर मी कधी लावलेलंच नाही. दुकानदार म्हणतो, सिक्युअर बूट बंद करून फॉरमॅट मारू. आत दिवाळीची सगळी बुकिंगं आहेत. काय करू?

सोल्डरगन (रत्नागिरी):
फॉरमॅट मारू नका, डेटा जागेवर आहे. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की बऱ्याच मशिनवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते. संगणक उठताना बोर्डवरचं यूईएफआय (म्हणजे नव्या धाटणीचं बायोस, संगणक सुरू करणारा प्रोग्राम) विंडोजच्या बूट मॅनेजरची सही तपासतं, हे सिक्युअर बूट. काय काय सुरू झालं त्याची मापं टीपीएममध्ये (किल्ल्या सांभाळणाऱ्या सुरक्षा-भागात) नोंदली जातात आणि ती नेहमीसारखी असली तरच टीपीएम डिस्कची किल्ली सोडतो. तुमचा बायोसची सेटिंगं आणि घड्याळ जपणारा बोर्डवरचा सेल संपला (सीमॉस एरर त्याचीच), सेटिंगं मूळपदावर गेली, मापं जुळेनात.

आधी सेल बदला. प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा, मग तो सीआर२०३२ सेल काढा. नवा सेल ३ व्होल्टच्या वर दाखवतो; २.७ च्या खाली असेल तर तो गेलाच. खाऱ्या हवेने होल्डरच्या पातीवर हिरवट थर धरतो, तो बघाच. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी वापरा. पॉलिश पेपर नको, मुलामा निघाला की पाती लवकर गंजते.

मग बायोसमध्ये तारीख नीट करा, सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) बंद, इंटेल पीटीटी चालू, सिक्युअर बूट चालू. पीटीटी म्हणजेच तुमचा टीपीएम. जुन्या बऱ्याच बोर्डांत तो डिफॉल्टला बंदच असतो. 'क्लिअर टीपीएम'ला मात्र हात लावू नका, आतली किल्ली कायमची जाते. एफ१० ने सेव्ह करा.

खाडीकाठ:
सेल १.९ व्होल्ट होता. पीटीटी बंदच सापडला. चालू केला, विंडोज की न मागता उघडलं! खूप आभार. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा असं झालं तर?

माडबन (गुहागर):
प्लग लावलेला असला की घड्याळ एसएमपीएसच्या (पॉवर सप्लायच्या) स्टँडबाय विजेवर चालतं, काढला की सगळा भार सेलवर. विजांमुळे प्लग काढावाच लागतो, म्हणून दर तीन वर्षांनी मे महिन्यात सेल बदलत जा. सीलबंद पाकिटातलाच घ्या.

रिकव्हरी की आजच मोबाईलवरून मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन बघा. पडद्यावरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरं तिथल्या नोंदीशी जुळली पाहिजेत. कागदावर उतरवून घ्या, पण संगणकाच्या टेबलात ठेवू नका. बायोस अपडेट करायचं झालं तर आधी बिटलॉकर सस्पेंड करा.

अपडेटही बंद ठेवू नका. सिक्युअर बूटची २०११ ची प्रमाणपत्रं जून २०२६ पासून संपत जातात आणि २०२३ ची नवी प्रमाणपत्रं विंडोज अपडेटमधून येतात. चार महिने बंद राहिलेलं मशिन उघडलं की पहिलं काम तेच, बुकिंग नंतर.