सहा आठवडे झाले, तालमीत मुलाला अजून एकही डाव शिकवलेला नाही. हे योग्य आहे का?

करवीरचा पालक:

माझा ११ वर्षांचा मुलगा गेल्या सहा आठवड्यांपासून कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या तालमीत जातो. पहाटे पाचला मी त्याला सोडतो आणि साडेसातला आणायला जातो, तेव्हा त्याच्या कानामागे, भुवयांत आणि नखांत तांबडी माती भरलेली असते. तो आनंदाने जातो, एकही खाडा केलेला नाही. परंतु वस्तादांनी त्याला आजवर एकही डाव दाखवलेला नाही. फावड्याने हौदा (कुस्तीची मातीची जागा) उकरणे, जोर-बैठका, दोर चढणे आणि उरलेला वेळ काठावर बसून मोठ्या मुलांची लढत पाहणे, एवढेच चालले आहे. त्याच्या वर्गातला एक मुलगा मॅटवरच्या केंद्रात जातो आणि तो दोन महिन्यांत एकेरी पट (समोरच्याचा एक पाय धरून पाडण्याचा डाव) काढू लागला आहे. मी स्वतः कुस्ती खेळलेलो नाही, त्यामुळे वस्तादांना विचारायला संकोच वाटतो. मुलाचा वेळ वाया जात आहे का आणि त्याला मॅटवर हलवावे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना पठ्ठा:

मी नऊ वर्षे तालमीत राहिलो, आता शेती करतो. आपण ज्याला ‘एवढेच’ म्हणता, त्याबद्दल मला थोडे सविस्तर लिहावेसे वाटते.

हौद्यातली माती रोज उकरली नाही, तर ती दोन-तीन दिवसांत घट्ट बसते आणि त्यावर पडणाऱ्या मुलाचा खांदा किंवा बरगडी दुखावते. म्हणूनच ती चाळून घेतात, तिच्यात काव, हळद, ताक, लिंबू आणि तेल मिसळतात आणि ओल टिकावी म्हणून पाणी मारतात. हे काम मुलांकडून करून घेण्यामागे दुसरेही कारण आहे. वाकून फावडे ओढताना मनगटाची पकड, कंबर आणि दम या तिन्ही गोष्टी एकाच वेळी तयार होतात, आणि पुढे समोरच्याची मान ओढताना नेमके तेच बळ लागते. मुलगा रोज जी माती उकरतो तिच्यावरच त्याला पडायचे आहे, हे त्याला कोणी न सांगता कळते.

पडणे हीच पहिली विद्या आहे. हनुवटी छातीला टेकलेली हवी आणि तळहात मागे टेकता कामा नये. तिसऱ्या महिन्यात मी वस्तादांची नजर चुकवून एका थोराड मुलाशी कुस्ती धरली, पाठीवर जाताना हात मागे टेकवला आणि कोपर निखळले. अडीच महिने मी काठावर बसून काढले. मात्र त्या काळात पाहण्याची सवय लागली. कोणाचा पाय आधी हलला, पट काढणाऱ्याचे डोके आत होते की बाहेर, हे मला हौद्यात उतरण्याआधीच दिसू लागले.

एक दिवस वस्ताद स्वतः हौद्यात उतरतील, आपल्या मुलाच्या मानेवर हात ठेवून सगळा भार टाकतील आणि काही न बोलता त्याला डावीउजवीकडे फिरवतील. त्या भाराखाली त्याचे पाय जागेवर राहिले, की डावांना सुरुवात होईल. तोवर आपण एखाद्या पहाटे तिथे थांबून पाहावे. वस्ताद स्वतः हजर असतात का, जोड लावताना वजन पाहतात का आणि मुलाचा श्वास कोंडला की लढत लगेच सोडवतात का, एवढे तपासावे. यांपैकी एक जरी गोष्ट नसेल, तर मीच सांगेन की मुलाला तिथून काढा.

मॅटवरची प्रशिक्षक:

मी मॅटवर शिकले, कारण आमच्या गावच्या तालमीत मुलींना प्रवेश नव्हता. तरीही मुलाला आत्ताच हलवू नये, असे माझे मत आहे. दोन महिन्यांत डाव शिकलेली मुले माझ्याकडेही आहेत. समोरचा उभा राहून देतो तोवर त्यांचा पट सुरेख निघतो, पण तो जोर लावू लागला की मान टिकत नाही, आणि मग मला पुन्हा जोर-बैठकांपासूनच सुरुवात करावी लागते.

मात्र मॅटकडे कायमची पाठ फिरवूही नये. मातीत पाय रुततो, मॅटवर रुतत नाही, त्यामुळे तिथे सगळे वेगाने घडते. ३ मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये ३० सेकंदांची विश्रांती आणि १० गुणांची आघाडी मिळाली की कुस्ती संपली, असा तिथला हिशेब असतो, त्यामुळे मातीसारखी लांबलचक खडाखडी (सुरुवातीला एकमेकांची ताकद अजमावणे) तिथे चालत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकले. मातीतून आलेल्या मल्लाला मॅट आत्मसात करता येते, याचे याहून मोठे उदाहरण आपल्याकडे नाही. आपला मुलगा तेरा-चौदा वर्षांचा झाला, की वस्तादांच्या संमतीने आठवड्यातून दोन दिवस त्याला मॅटवर पाठवावे.

एका मुद्द्यावर मी जुन्या पठ्ठ्यांशी असहमत आहे. नुसते पाहून समाधान मानू नका, वस्तादांना विचाराच. पालकाने नीट विचारलेल्या प्रश्नाचा चांगल्या वस्तादांना राग येत नाही. आणि पुढे कोणी वजनी गटासाठी मुलाचे पाणी तोडायला सांगितले, तर ठाम नकार द्या.

एका मल्लाची आई:

लंगोट रोज धुवावा, टॉवेल कोणाशीही वाटून घेऊ देऊ नये आणि अंगावर नायटा दिसल्यास तो पूर्ण बरा होईपर्यंत मुलाला हौद्यात पाठवू नये. कान सुजून मऊ लागला, तर लगेच डॉक्टरांकडे न्यावे. आम्ही आठवडाभर थांबलो आणि माझ्या मुलाचा उजवा कान कायमचा मोडला. खुराकाला दूध, बदाम आणि घरचे जेवण पुरते, डब्यातली पावडर आणू नये.

करवीरचा पालक:

सर्वांचा मनापासून आभारी आहे. आज मी पाच वाजल्यापासून तालमीत बसलो होतो. वस्ताद माझ्याआधीच आले होते आणि प्रत्येक जोड त्यांनी स्वतः लावली. माझा मुलगा काठावर उकिडवा बसला होता. एक लढत सुटल्यावर वस्तादांनी त्याला ‘कुठला पाय गेला?’ असे विचारले, आणि त्याने क्षणाचाही विलंब न लावता ‘डावा’ असे सांगितले. मला स्वतःला ते अजिबात दिसले नव्हते. निघताना मी धीर करून विचारले, तेव्हा ते म्हणाले, “मान अजून कच्ची आहे, दिवाळीनंतर धरू दे.” मुलगा तिथेच राहील. लंगोट मात्र आम्ही एक दिवसाआड धुत होतो, तो उद्यापासून रोज धुऊ.