‘डेटाबेस इज लॉक्ड’ : एसक्यूलाइट सोडावं की सुधारावं? शिवाय लॅपटॉप आणि रिअ‍ॅक्टचा प्रश्न

अर्धविराम

जँगोवर (पायथॉनचा वेब ढाचा) चालणारं साठा-नोंदीचं एक अंतर्गत अ‍ॅप आहे. सर्व्हर एकच, २ कोअर, ४ जीबी रॅम, गनिकॉर्नचे ४ वर्कर, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या ४ प्रती. डेटाबेस एसक्यूलाइट, म्हणजे सगळा डेटा एकाच फाइलमध्ये. फाइल ९०० एमबीच्या आसपास, सर्वांत मोठ्या टेबलात २२ लाख ओळी. एका वेळी ४०-५० जण काम करतात. वॉल मोड (बदल आधी शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहिण्याची पद्धत) पहिल्यापासून चालू आहे.

रोज सकाळी ६० हजार ओळींची सीएसव्ही आत घेतली जाते. ती चालू असताना इतरांच्या नोंदी ‘डेटाबेस इज लॉक्ड’ म्हणून पडतात. अधूनमधून आयात चालू नसतानाही हाच एरर येतो, ते कोडं वेगळंच.

प्रश्न तीन:
१. सरळ पोस्टग्रेसवर, म्हणजे स्वतंत्र सर्व्हर म्हणून चालणाऱ्या डेटाबेसवर, जावं का?
२. पोस्टग्रेस म्हणजे डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) आणि डॉकर म्हणजे टीमचे ८ जीबीवाले लॅपटॉप बदला, असं एक मत आहे. घ्यायचेच झाले तर रॅम किती?
३. एवढं उचकटतोच आहोत तर पुढचा, म्हणजे ब्राउझरमधला, भागही जावास्क्रिप्टच्या रिअ‍ॅक्टमध्ये नव्याने लिहावा, असा एक सूर आहे. स्क्रीन म्हणजे याद्या, फिल्टर आणि फॉर्म, बस.

---

काठावरचा_डीबीए

आधी एक गोष्ट मोजा: एरर किती वेळाने येतो? पायथॉनच्या एसक्यूलाइट ड्रायव्हरचा टाइमआउट मुळात ५ सेकंद असतो. तुमचे दोन्ही एरर दिसायला सारखे असले तरी बहुधा दोन वेगळे रोग आहेत, आणि ते या वेळेवरूनच ओळखू येतात.

पाच सेकंद थांबून एरर आला, तर कुणीतरी लिहिण्याचं कुलूप धरून बसलं आहे. वॉल मोडमध्ये वाचणारे लिहिणाऱ्याला अडवत नाहीत, लिहिणारा वाचणाऱ्यांना अडवत नाही, पण लिहिणारा एका वेळी एकच. ६० हजार ओळी एकाच अ‍ॅटॉमिक ब्लॉकमध्ये (सगळं एकदम जतन, नाहीतर काहीच नाही) घालत असाल तर ते संपेपर्यंत बाकी सगळे लिहिणारे दाराबाहेर.

एरर ताबडतोब आला, क्षणभरही न थांबता, तर कारण निराळं. जँगोचा अ‍ॅटॉमिक साधा ‘बिगिन’ पाठवतो, म्हणजे व्यवहार (ट्रान्झॅक्शन) वाचक म्हणून सुरू होतो. आत आधी सिलेक्ट (वाचन) झाला, मग अपडेट (बदल). त्या दोहोंच्या मधे दुसऱ्या कुणी काही लिहून कमिट (पक्कं जतन) केलं, तर तुमच्या हातातलं चित्र शिळं झालं. शिळ्या चित्रावर लिहू देता येत नाही आणि कितीही थांबलं तरी ते ताजं होणार नाही, म्हणून एसक्यूलाइट टाइमआउटकडे न बघता तिथल्या तिथे नकार देतं. इथे टाइमआउट ५ चा ३० करून काहीही होत नाही. तरीही शोधलं की दहापैकी नऊ उत्तरं तेच करायला सांगतात.

या दुसऱ्यावर उपाय ‘बिगिन इमिजिएट’. लिहिण्याचं कुलूप सुरुवातीलाच मागायचं, म्हणजे रांग लागते आणि टाइमआउट खरोखर लागू होतो. जँगो ५.१ पासून डेटाबेसच्या ‘ऑप्शन्स’मध्ये ‘ट्रान्झॅक्शन मोड’ म्हणून ही सोय आहे, किंमत ‘इमिजिएट’ द्या. तिथेच ‘इनिट कमांड’ही आली आहे. तीत प्राग्मा (एसक्यूलाइटची सेटिंग) ‘सिंक्रोनस नॉर्मल’ टाका. वॉलसोबत हे वापरल्यावर फाइल बिघडत नाही. वीज गेली तर शेवटचे काही व्यवहार मात्र उडू शकतात. साठ्याच्या नोंदीला तेवढं चालतं का, ते तुम्ही ठरवा. वॉल हा मोड फाइलमध्ये कायमचा नोंदला जातो, पण सिंक्रोनस आणि टाइमआउट या गोष्टी दर कनेक्शनला नव्याने सांगाव्या लागतात. एकदा शेलमध्ये सांगून ‘सेट केलं’ असं समजणारे बरेच भेटतात.

आता आयात. हजार-हजार ओळींचे तुकडे करून कमिट करणं हा सोपा मार्ग. पण मधेच पडलं तर अर्धी फाइल आत, अर्धी बाहेर. त्यापेक्षा हे करा:

१. तात्पुरतं टेबल बनवा, म्हणजे ‘क्रिएट टेम्प टेबल’. ते मुख्य फाइलमध्ये नसतंच, त्यामुळे त्यात लिहिताना मुख्य डेटाबेसला कुलूप लागत नाही.
२. सीएसव्ही वाचणं, तारखा तपासणं, कोड जुळवणं हे सगळं तिथेच उरका.
३. शेवटी एकच ‘इन्सर्ट ... सिलेक्ट ... ऑन कॉन्फ्लिक्ट डू अपडेट’ मुख्य टेबलात, म्हणजे नवी ओळ घाला, आधीच असेल तर बदला. कुलूप फक्त एवढ्यापुरतं.

तीन खाचखळगे. पायरी १ आणि २ अ‍ॅटॉमिकच्या बाहेर ठेवा. मोड इमिजिएट केल्यावर अ‍ॅटॉमिकमध्ये शिरताक्षणी मुख्य फाइलचं कुलूप घेतलं जातं, मग टेम्प टेबलाचा फायदा शून्य. टेम्प टेबल त्या कनेक्शनपुरतंच असतं, तेव्हा तिन्ही पायऱ्या एकाच कनेक्शनवर. आणि ‘सिलेक्ट’ला ‘व्हेअर ट्रू’ जोडायला विसरू नका, नाहीतर पार्सर (क्वेरी वाचणारा भाग) ‘ऑन’ला जॉइनचा, म्हणजे टेबलं जोडण्याचा, भाग समजतो आणि सिंटॅक्स एरर देतो.

---

रिकामा_कॉलम

वरच्या निदानाशी सहमत, सल्ल्याशी अर्धाच. ४०-५० जण, सगळे लिहिणारे, आणि उद्या दुसरी आयात येणार. माझं मत: आजची आग वरच्या उपायाने विझवा, पण पोस्टग्रेसचं काम याच तिमाहीत घ्या. वेग हे कारण नाहीच. एका सर्व्हरवर साध्या वाचनात एसक्यूलाइट हरत नाही, मधे नेटवर्क नसतं. कारण आहे कुलूप: पोस्टग्रेसमध्ये ते ओळीपुरतं, इथे अख्ख्या फाइलचं. दुसरं कारण, कॉलमचे प्रकार. तुमच्या फाइलमध्ये इंटिजर कॉलमात ‘१२ नग’ असं काही नक्की निघेल. एसक्यूलाइट ते मुकाट ठेवून घेतं. ३.३७ पासून ‘स्ट्रिक्ट’ टेबल आहेत, पण ते सांगावं लागतं, आणि जँगो आपणहून सांगत नाही.

स्थलांतरात काय अडतं ते क्रमाने नाही, आठवेल तसं:

लांबी. व्हारकॅर १०० लिहिलेल्या कॉलमात एसक्यूलाइट ४०० अक्षरंही घेतं. पोस्टग्रेस ‘व्हॅल्यू टू लाँग’ म्हणून थांबतं. आधीच ‘लेंग्थ’ची क्वेरी मारून अशा ओळी काढून ठेवा.

नल, म्हणजे न भरलेली किंमत. चढत्या क्रमात एसक्यूलाइट नल आधी दाखवतं, पोस्टग्रेस शेवटी. एरर येत नाही, फक्त यादी वेगळी दिसते आणि ‘माझ्या नोंदी गेल्या’ म्हणून फोन येतो. जिथे फरक पडतो तिथे ‘नल्स फर्स्ट’ स्पष्ट लिहा.

ऑर्डर बायच, म्हणजे क्रमच, न लिहिलेल्या याद्या. एसक्यूलाइटमध्ये त्या बहुतेक वेळा रोआयडीच्या (ओळीचा अंतर्गत क्रमांक) क्रमाने येतात म्हणून बरोबर वाटतात. पोस्टग्रेसमध्ये ओळ अपडेट झाली की तिची नवी प्रत दुसरीकडे जाते आणि क्रम हलतो. पानांमध्ये विभागलेल्या यादीत मग एकच ओळ दोन पानांवर दिसते.

लाइक, म्हणजे मजकुरातला शोध. इंग्रजी अक्षरांसाठी एसक्यूलाइटचं लाइक लहान-मोठं पाहत नाही, पोस्टग्रेसचं पाहतं. जँगोच्या लुकअपमधून गेलात तर ‘आयकंटेन्स’ वापरा, हाताने लिहिलेल्या एसक्यूएलमध्ये ‘आयलाइक’.

सिक्वेन्स, म्हणजे पुढचा आयडी देणारा आकडा. जुने आयडी तसेच ठेवून ‘कॉपी’ने डेटा ओतला तर सिक्वेन्स १ वरच राहतो आणि पहिली नवी नोंद ‘डुप्लिकेट की’ म्हणून पडते. जँगोची ‘एसक्यूएलसिक्वेन्सरिसेट’ कमांड लागणारी एसक्यूएल छापून देते, ती चालवा.

सेटिंग फार नकोत. मूळ ‘शेअर्ड बफर्स’ (पोस्टग्रेसची स्वतःची कॅश) १२८ एमबी असतात, ४ जीबीच्या मशीनवर १ जीबी करा. एसएसडी असेल तर ‘रँडम पेज कॉस्ट’ (विखुरलेलं वाचन किती महाग, याचा अंदाज) ४ वरून १.१ वर आणा. ‘वर्क मेम’ (सॉर्टसारख्या कामाची मेमरी) मात्र ४ एमबीवरून एकदम ६४ करू नका. तो आकडा दर कनेक्शनला नसून दर सॉर्ट आणि दर हॅशला असतो, एका क्वेरीत असे चार-पाच निघतात. ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन सेशन टाइमआउट’ (व्यवहार उघडा ठेवून नुसतं बसलेलं कनेक्शन तोडण्याची वेळ) ६० सेकंद ठेवा. ४ वर्करना पूलर (कनेक्शन वाटून देणारं साधन) लागत नाही, मूळ मर्यादाच १०० कनेक्शनची आहे.

---

अर्धविराम

मोजलं. आयातीच्या वेळचे एरर बरोब्बर ५ सेकंदांनी, बाकीचे लगेच. म्हणजे रोग दोन हे पक्कं. लॅपटॉपबद्दल कुणी?

---

फॅनचा_आवाज

पोस्टग्रेसला डॉकर लागतो हे कुणी सांगितलं? थेट इन्स्टॉल होतं आणि रिकामं बसलेलं असताना एका ब्राउझर टॅबहून कमी रॅम खातं. ८ जीबी कमी पडत असेल तर दोष एडिटरच्या लँग्वेज सर्व्हरचा (लिहिताना कोड तपासत राहणारा प्रोग्रॅम), ब्राउझरचा आणि डॉकरच्या व्हर्च्युअल मशीनचा. विंडोजवर डब्ल्यूएसएल-२ (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) मुळात अर्ध्या रॅमपर्यंत जातं. ‘डॉट डब्ल्यूएसएलकॉन्फिग’मध्ये मेमरी ३ जीबी लिहून बघा. आणि कोड विंडोजच्या सी ड्राइव्हवर ठेवून लिनक्समधून चालवत असाल तर आधी तो लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये हलवा. गिट आणि टेस्टची कासवगती बहुतेक वेळा तिथूनच येते, नवा लॅपटॉप घेऊनही ती तशीच राहते.

घ्यायचेच असतील तर १६ जीबी पुरे. ३२ तेव्हा, जेव्हा चार-पाच कंटेनर रोज एकदम उघडे असतात. पण रॅम बोर्डावर जोडलेली आहे की स्लॉटमध्ये आहे, हे आधी बघा. जोडलेली असेल तर पुढे वाढवता येणार नाही, मग ३२ च घ्या. प्रोसेसरच्या एका पिढीच्या फरकासाठी जीव टाकू नका. पातळ लॅपटॉपमध्ये तो दहा मिनिटांच्या सलग कामात तापून स्वतःच वेग उतरवतो.

मॅक घेतलात तर तीन गोष्टी. एक, ॲपलच्या चिपवर बांधलेली डॉकर इमेज (कंटेनरचा साचा) एआरएम प्रोसेसरची असते, तुमचा सर्व्हर बहुधा एएमडी-६४. सरळ ढकलली तर ‘एक्झेक फॉरमॅट एरर’. बांधताना प्लॅटफॉर्म सांगा. दोन, मॅकची फाइल सिस्टिम मुळात फाइलच्या नावातलं लहान-मोठं अक्षर वेगळं धरत नाही, लिनक्स धरतं. टेम्प्लेटच्या नावातली चूक तुमच्याकडे खपते आणि सर्व्हरवर ‘टेम्प्लेट डझ नॉट एक्झिस्ट’.

तीन, आणि हे या धाग्याशी थेट जोडलेलं: लॅपटॉपवर मोजलेला लिहिण्याचा वेग खरा धरू नका. मॅकवर साधा ‘एफसिंक’ डेटा ड्राइव्हपर्यंत पोचवतो, पण ड्राइव्हच्या आतली कॅश रिकामी करत नाही. त्यासाठी ‘फुल एफसिंक’ वेगळा मागावा लागतो, आणि एसक्यूलाइट मुळात तो मागत नाही. त्यामुळे मॅकवर सेकंदाला हजारो कमिट दिसतात आणि भाड्याच्या सर्व्हरवर तोच कोड रांगतो. तिथे, ‘सिंक्रोनस नॉर्मल’ केलेलं नसेल तर, प्रत्येक कमिट खरोखर डिस्कपर्यंत जाऊन येतं. पोस्टग्रेससोबत ‘पीजी टेस्ट एफसिंक’ नावाचं छोटं साधन मिळतं. ते सर्व्हरवर चालवा, कमिटमागे किती मायक्रोसेकंद जातात ते कळेल. एसक्यूलाइट की पोस्टग्रेस या वादाआधी तो आकडा बघावा.

---

ढाचा_नको

तिसऱ्या प्रश्नावर: याद्या, फिल्टर, फॉर्म यांना रिअ‍ॅक्ट नको. जँगोची टेम्प्लेट आणि वर एचटीएमएक्स (पानाचा तुकडाच सर्व्हरकडून आणून बदलणारी लायब्ररी), झालं. ऑफलाइन काम किंवा ओढून-सोडून मांडणी आली की परत विचारा.

एचटीएमएक्सच्या तीन ठेचा मात्र माहीत असू द्या. लॉगिन संपलं की जँगो लॉगिनच्या पानाकडे ३०२ ने वळवतं. ब्राउझर ते आतल्या आत पाळतो आणि अख्खं लॉगिन पान तुमच्या टेबलाच्या एका चौकोनात येऊन बसतं. तिथे ‘एचएक्स रिडायरेक्ट’ हेडर पाठवा. दुसरी, फॉर्ममधल्या चुकांसाठी ४२२ हा उत्तराचा कोड दिलात तर उत्तर पानावर दिसतच नाही, कारण ४०० च्या घरातली उत्तरं ते मुळात बसवत नाही. २०० द्या, नाहीतर ‘बिफोर स्वॉप’ इव्हेंटमध्ये परवानगी द्या. तिसरी, सीएसआरएफचं (बनावट विनंत्या रोखणारं) टोकन बॉडी टॅगवर ‘एचएक्स हेडर्स’मध्ये एकदाच लावा, प्रत्येक बटणावर नको.

---

ऱ्हस्व_दीर्घ

मालाची नावं मराठीत असतील आणि त्यात शोध असेल, तर एक भर. एसक्यूलाइटच्या मजकूर-शोधाचा, म्हणजे एफटीएस-५ चा, मूळ टोकनायझर (शब्द तोडणारा भाग) फक्त अक्षरं आणि अंक हेच शब्दाचे भाग मानतो, मात्रा नाही. म्हणजे ‘किराणा’ काना-वेलांटीपाशी तुटतो आणि भलतेच निकाल येतात. टेबल बनवताना ‘कॅटेगरीज’मध्ये ‘एमएन’ आणि ‘एमसी’ हे मात्रांचे दोन युनिकोड वर्ग वाढवा. आधीचा इंडेक्स पुन्हा बांधावा लागेल.

‘तऱ्हा’सारखे शब्द दोन प्रकारे टाइप होतात. एकात नुक्त्याचा ऱ, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही जुळे, बाइट वेगळे. एनएफसी (युनिकोडचं एकसारखं रूप) केल्यानेही हे दोन एक होत नाहीत, जतन करताना आणि शोधताना स्वतः बदलून घ्यावं लागतं. हे पोस्टग्रेसवर गेल्यानेही सुटत नाही.

---

अर्धविराम

सर्वांचे आभार. इमिजिएट आणि टेम्प टेबल आधी, पोस्टग्रेस नंतर. शेवटचं एक: स्थलांतराआधी चालू सर्व्हरवरून फाइलची प्रत घ्यायची आहे. ‘सीपी’ (लिनक्सची साधी कॉपी) चालेल ना?

---

काठावरचा_डीबीए

नाही. वॉल मोडमध्ये ताजे कमिट शेजारच्या ‘वॉल’ फाइलमध्ये असतात, मुख्य फाइलमध्ये अजून उतरलेले नसतात. नुसती मुख्य फाइल उचललीत तर ते सुटतात. शिवाय कॉपी चालू असताना चेकपॉइंट (वॉलमधले बदल मुख्य फाइलमध्ये उतरवणं) झाला तर प्रत अर्धी जुनी, अर्धी नवी. ‘व्हॅक्यूम इंटू’ वापरा किंवा शेलमधली ‘डॉट बॅकअप’. ९०० एमबीसाठी डिस्कवर तेवढीच मोकळी जागा हवी. प्रत झाली की तिच्यावर ‘इंटिग्रिटी चेक’ चालवा. ‘ओके’ एवढाच शब्द यायला हवा. मग ‘फॉरेन की चेक’ (टेबलांमधले दुवे जुळतात का, ते) वेगळा चालवा, पहिल्यात तो धरलेला नसतो आणि पोस्टग्रेस नेमकं त्यावरच अडतं.